स्पीलबर्गची हरवलेली फायरलाईट आणि तुझ्या आजोबांची आंबूस वासाची रिळं

पाचोऱ्याच्या एका कॉलेजच्या पोराने विचारलंय की हॉलिवूडचा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग याने सतराव्या वर्षी केलेली दोन तासांच्या वरची फायरलाईट नावाची फिल्म हरवली म्हणतात, तर एवढ्या मोठ्या माणसाची फिल्म हरवतेच कशी, ती आता कुठे सापडू शकते का, आणि त्याच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आठ एमएमची, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मची, रिळं निघालीत, त्यांना आंबूस वास येतोय, त्यांचं काय करायचं. भाऊ, तू हे तीन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत पण माझ्या हिशोबाने हा एकच प्रश्न आहे. मी जळगावात आधी लग्नाची शुटिंगं करायचो, आता जुन्या फिल्मा आणि कॅसेटी डिजिटल करून देतो, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

आधी सरळ उत्तर. फायरलाईट सडली, जळली किंवा कोणी मुद्दाम फेकली म्हणून हरवली, असं नाही. तिची प्रत एकच होती आणि तिची रिळं मालकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. एवढंच झालं. आणि आठ एमएमच्या बाबतीत नव्वद टक्के वेळा हेच होतं, हे मी माझ्या टेबलावर येणारी रिळं आणि न येणारी रिळं दोन्ही बघून सांगतोय.

फिल्मचा इतिहास थोडक्यात असा. स्पीलबर्गचा जन्म डिसेंबर १९४६ चा, पोरगं ॲरिझोनातल्या फिनिक्सला वाढलं, घरच्या आठ एमएम कॅमेऱ्यावर शाळेपासूनच काही ना काही चालू होतं. त्याआधी त्याने चाळीसेक मिनिटांची एक युद्धाची फिल्म केली होती, एस्केप टू नोव्हेअर, तिला हौशी लोकांच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. मग आली फायरलाईट. आकाशात रंगीत दिवे दिसतात, माणसं, कुत्रा, सैनिक गायब व्हायला लागतात, शास्त्रज्ञ मागे लागतात अशी गोष्ट. शाळेतली नाटकातली पोरं, घरची बहीण, शनिवार-रविवारची शुटिंगं, खर्च साधारण ५०० डॉलरच्या घरात. २४ मार्च १९६४ ला फिनिक्सच्या एका नाट्यगृहात तिकीट लावून एक खेळ झाला, लांबी जवळपास १४० मिनिटं, आणि सगळा हिशोब केल्यावर एक डॉलर नफा उरला असं तो स्वतः सांगत आलाय. त्याच्यानंतर लगेच घर कॅलिफोर्नियाला हललं. पुढे १९७७ ला त्याने परग्रहवासीयांवरचा जो मोठा सिनेमा केला, क्लोज एन्काउंटर्स, त्याचं मूळ या पोरवयातल्या फिल्ममध्ये आहे.

आता इथे थांबून जरा टेक्निकल समजून घे कारण सगळी गोम त्यात आहे. सिनेमावाले ३५ एमएमवर काम करायचे तेव्हा कॅमेऱ्यात निगेटिव्ह असायची, निगेटिव्हवरून पन्नास शंभर प्रिंट निघायच्या, एक थेटरात फाटली तर दुसरी असायची. घरगुती आठ एमएमला निगेटिव्ह नसतेच. ती रिव्हर्सल फिल्म. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली तीच धुवून पॉझिटिव्ह होऊन परत येते, तीच कापायची, तीच जोडायची आणि तीच प्रोजेक्टरवर चढवायची. प्रत्येक वेळी दाखवली की तिच्यावर ओरखडा. दुसरी प्रत काढायची तर लॅबला वेगळे पैसे देऊन काढावी लागायची, आणि शाळकरी पोरगं ते कुठून करणार.

आणि काम किती होतं ते बघ. तेव्हाची आठ एमएम म्हणजे साधी आठ एमएम, सुपर आठ कोडॅकने १९६५ ला आणली, ती नंतरची. साध्या आठमध्ये २५ फुटांची सोळा एमएम रुंदीची पट्टी असते, एक बाजू शूट करायची, मग सावलीत रीळ उलटवून दुसरी बाजू, लॅब ती मधून उभी चिरते आणि जोडून ५० फूट करून देते. ५० फुटात ४००० फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमचा वेग धरला तर चार मिनिटं आणि थोडे सेकंद. म्हणजे १४० मिनिटांच्या फिल्मला नुसती पडद्यावर दिसलेली रिळंच तेहतीस-चौतीस झाली, वेग जास्त ठेवला असेल तर त्याहून जास्त, आणि कापून टाकलेलं वेगळंच. त्यातली एक एक फ्रेम साडेचार बाय सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, तांदळाच्या दाण्याएवढी. सतरा वर्षांच्या पोराने ती बसून जोडली, वरून पट्टीच्या कडेला चुंबकीय पट्टा लावून आवाज नंतर भरला, नटांकडून ओठ जुळवून बोलून घेतलं. मी स्वतः जोडकाम केलंय म्हणून सांगतो, हा पोरखेळ नाही, ही तपश्चर्या आहे. लोक त्या एक डॉलर नफ्याचीच गोष्ट सांगत बसतात, मला या जोडकामाचं जास्त वाटतं.

हरवली कशी, तर १९६० च्या दशकाच्या शेवटी तो हॉलिवूडमध्ये काम मागत फिरत होता. नमुना म्हणून त्याने फायरलाईटची दोन रिळं एका छोट्या कंपनीत दिली. नंतर परत घ्यायला गेला तर कंपनीच बंद पडलेली, माणसं पांगलेली, रिळांचा पत्ता नाही. साहजिकच त्याने दाखवायला चांगली रिळं दिली असणार, कोणीही तेच करेल. आज त्या फिल्ममधलं जगाला दिसतं ते चार मिनिटांच्या आतलं आहे.

मग सापडेल का. माझं मत विचारशील तर शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. का ते दोन उदाहरणांवरून सांगतो. जर्मन सिनेमातला दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याची मेट्रोपोलिस १९२७ ची, तिचा मोठा भाग कापून हरवला होता, तो २००८ ला अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या सिनेमा म्युझियममध्ये सोळा एमएमवर सापडला आणि पंचवीसेक मिनिटांचा मजकूर परत आला. का सापडला, तर तेव्हा कोणीतरी वितरणासाठी पूर्ण प्रिंट तिकडे नेली होती आणि पुढे तिच्यावरून लहान प्रत निघाली होती. म्हणजे प्रती जितक्या जागी, तितके जीव. आता दुसरं उदाहरण उलटं. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९३८ ला टू मच जॉन्सन नावाच्या नाटकासाठी काही फिल्म शूट केली होती, एकच वर्क प्रिंट, म्हणजे कापाजोडीची कच्ची प्रत, ती त्याच्या स्पेनमधल्या घराच्या आगीत गेली असं सगळे धरून चालले होते, आणि ती निघाली इटलीत पोर्डेनोने गावच्या एका गोदामात, २०१३ ला लोकांना दाखवली. तिची काही प्रत नव्हती, तरी सापडली. पण एक फरक लक्षात घे, ती ३५ एमएमची जड पेटी होती, गोदामवाल्याला कळतं की हे काहीतरी सिनेमाचं आहे. आठ एमएमचं रीळ तळहाताएवढं, डब्यावर नाव नसलं तर ऑफिस रिकामं करणारा माणूस ते कचऱ्यात टाकतो. मला भीती तीच वाटते. रिळं कोणी घरी नेऊन गॅरेजमध्ये ठेवली असतील तर मात्र लॉस एंजेलिसची कोरडी हवा त्यांच्या बाजूने आहे.

आणि सापडली तरी पूर्ण मिळणार नाही. दोनच रिळं दिली होती, म्हणजे एक तुकडा. शिवाय त्या आवाजाच्या पट्ट्यात लोहाची भुकटी असते आणि ॲसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मला ती घातक, तशा फिल्मला आंबूस वासाचा रोग लवकर लागतो. चित्र चांगलं आणि आवाज गेलेला, किंवा पट्टा सुटून आलेला, असं मी आपल्याकडच्या रिळांत बघितलंय.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये सुपर आठवर फिल्मा करणाऱ्या शाळकरी पोरांबद्दल पेपरात छापून आलं, ते वाचून स्पीलबर्गच्या ऑफिसने त्यातल्या दोघांना त्याच्या पोरवयातल्या आठ एमएम फिल्मांचे सुटलेले जोड दुरुस्त करायचं काम दिलं. ती दोन पोरं म्हणजे पुढचे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स आणि मॅट रीव्हज. काही लोक म्हणतात एवढी मोलाची चीज शाळकरी पोरांच्या हातात कशी दिली. मला ते बरोबर वाटतं. ज्याने स्वतः रात्री जागून पट्टी जोडलीय त्यालाच कळतं की जोड कुठून सुटतो, आणि ज्याला कळतं तो जपून हात लावतो.

आता आपल्याकडे ये. तू विचारतोस एवढ्या मोठ्या माणसाची फिल्म हरवते कशी, अरे भाऊ, आपल्याकडे तर अख्खा काळ हरवलाय. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले पूर्ण-अपूर्ण धरून तीसेक वाचले. १९३१ चा आलमआरा, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. दादासाहेब फाळके नाशिक-त्र्यंबकचे, आपल्या शेजारचेच, त्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्राची चार रिळं होती, आता तुकडे बघायला मिळतात तेही चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारखा माणूस फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचला म्हणून. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं, म्हणजे फायरलाईट जिथे एक खेळ करून थांबली त्याच वर्षी आपण जपायला सुरुवात केली. तोवर अर्धशतक उलटलं होतं.

पण मला खरी कळकळ आहे ती आपल्या खानदेशातल्या हौशी फिल्मांची, आणि त्या काही शंभर वर्षं जुन्या नाहीत. मालेगावला नासिर शेख आणि त्यांच्या मित्रमंडळीने २००० च्या सुमारास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर शोलेची मालेगावी आवृत्ती केली, बैलगाडीची ट्रॉली केली, सायकल वापरली, जगभर त्यांच्यावर लिहून आलं, त्यांच्यावर माहितीपट झाला, सिनेमा झाला. ते लोकांसमोर आले म्हणून ठीक. पण त्याच काळात जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, चोपडा, शिरपूर, प्रत्येक तालुक्यात पोरं अहिराणी गाण्यांचे अल्बम आणि कॉमेडी फिल्मा काढत होती. एसटी स्टँडवर, यात्रेत व्हीसीडी विकल्या जायच्या, लग्नात त्याच गाण्यांवर नाचायचे. त्यातल्या कित्येक आज मिळत नाहीत. मास्टर, म्हणजे मूळ प्रत, कुठे आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, टेपवर पुढच्या लग्नाची शुटिंग केली, कारण टेप महाग होती. किंवा हार्डडिस्क भरली म्हणून फॉरमॅट मारली. किंवा मास्टर सीडी ज्याला कॉप्या काढायला दिली त्याचं दुकान बंद झालं. बघ, तीच गोष्ट झाली ना, हॉलिवूडमध्ये जी झाली तीच धरणगावात.

एक काका माझ्याकडे असेच एक व्हीसीडी घेऊन आले होते, वरचा चंदेरी थर उडालेला, आरपार उजेड दिसत होता. त्यांनी तरुणपणी स्वतः केलेली फिल्म. त्यांनी एवढंच विचारलं, "बठ्ठं गयं का भाऊ?", म्हणजे सगळं गेलं का. सीडीची माहिती त्या चंदेरी थरातच असते, थर गेला की काहीच काढता येत नाही, मला हो म्हणावं लागलं. मग मी त्यांना म्हटलं तुम्ही तेव्हा ही कोणाकोणाला वाटली ते आठवा, नातेवाईक, नटमंडळी, केबलवाला. हा उपाय मी सगळ्यांना सांगतो, कारण आपल्याकडे केबलवाल्याकडे आणि मामाकडे जे सापडतं ते मालकाकडे सापडत नाही. ज्यांनी ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी अहिराणीत काही शूट केलंय त्यांनी कृपा करून आजच्या आज कपाटं उघडा. ती भाषा, ते बांध, ते कपडे, ती बोलणारी म्हातारी माणसं, हे परत शूट होणार नाही.

जपलं की काय होतं ते बघायचं तर चाळीसगावला जा. केकी मूस १९८९ ला गेले, अनेक वर्षं त्या एका घरात राहून फोटो काढले, आणि ते घर त्यांच्या कामासकट जपून ठेवलंय म्हणून आज आपण ते बघू शकतो. घर विकलं गेलं असतं, पेट्या भंगारात गेल्या असत्या तर नुसतं नाव उरलं असतं.

आता तुझ्या आजोबांची रिळं. आंबूस वास म्हणजे व्हिनेगरचा वास, ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते ॲसिडच पुढची कुज वाढवतं. उष्णता आणि दमट हवा हे दोन शत्रू. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पेटी कुठे तर पत्र्याखालच्या माळ्यावर, त्यावर लगेच पावसाळा. फिल्मसाठी याच्याइतकी वाईट जागा नाही. तर आधी आज पेटी खाली आण. घरातली सगळ्यात थंड खोली, उन्हाची भिंत सोडून, खालचा कप्पा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नको, ॲसिड आतच कोंडतं. वास येणारी रिळं आणि न येणारी रिळं वेगळी ठेव, कारण तो वायू चांगल्या रिळांनाही धरतो. रिळांवरच्या चिठ्ठ्या, डबे, पाकिटं काहीही फेकू नको, त्यावर आजोबांनी तारीख, गाव लिहिलेलं असतं आणि कधी कधी तेवढाच पुरावा असतो.

प्रोजेक्टर घरात असला तरी लावू नको, हे हात जोडून सांगतो. कुजलेली फिल्म आकसते, भोकांमधलं अंतर कमी होतं, प्रोजेक्टरचे दात ती भोकं फाडत जातात, आणि अडकली तर बल्बच्या उष्णतेने फ्रेम तिथेच वितळते. एकदाच बघू या म्हणत लोक जे बघायचं तेच फाडून बसतात. पुसायचंही काही नाही. पांढरी बुरशी दिसली तर पाणी, काच पुसायचं लिक्विड, स्पिरिट अजिबात नाही, बुरशीने जिलेटिनचा थर आधीच पोखरलेला असतो, पाण्याने चित्रच निघून येतं. रीळ उलगडून वीस-तीस सेंटिमीटर उजेडात धरून बघितलंस तर चालेल, कडेला धरून, सुती हातमोजे असले तर उत्तम. सपाट आणि लवचिक असली तर वेळ आहे. लाटांसारखी वाकडी, कडक, किंवा वरच्या थराला भेगा असल्या तर या महिन्यातच स्कॅन करून घे, पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नको.

रंगांचं म्हणशील तर कोडाक्रोम असेल तर बहुतेक रंग छान निघतील, अंधारात ठेवलेली कोडाक्रोम फार टिकते. दुसऱ्या कंपन्यांच्या फिल्मा बऱ्याचदा लालसर पडतात, ते स्कॅन झाल्यावर बरंचसं सुधारता येतं, आधी घाबरून जाऊ नको.

स्कॅन कोणाकडूनही कर, पण दोन गोष्टी विचार. दातांची चाकं नसलेला, फ्रेम बाय फ्रेम फोटो घेणारा स्कॅनर आहे का. भिंतीवर फिल्म लावून समोर मोबाईल किंवा कॅमेरा ठेवून काढलेलं स्कॅन नव्हे, त्यात चमक मारते, कडा कापल्या जातात आणि रीळ प्रोजेक्टरमधून जातं ते वेगळंच. आठ एमएमला टू के एवढी चित्राची बारकाई पुरे, त्याहून बारीक फोर केच्या नावाने जास्त पैसे देऊ नको. आणि रिळं कुरिअरने पाठवू नको, स्वतः घेऊन जा, पावतीवर किती रिळं, प्रत्येकाची खूण काय ते लिहून घे, काम होईस्तोवर फोन करत राहा. कोणी म्हटलं की राहू द्या महिनाभर आमच्याकडे, सावकाश करू, तर म्हण की नंबर लागला की आणतो. फाइल मिळाली की तीन जागी ठेव, एक घरी, एक दुसऱ्या हार्डडिस्कवर, एक गावाबाहेर, पुण्या-नाशिकला कोणी नातेवाईक असेलच. पेन ड्राइव्हवर विसंबू नको. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ ही प्रत धरू नको, तो दाबून लहान केलेला असतो. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रिळं फेकू नको, दहा वर्षांनी याहून चांगला स्कॅनर येईल.

शेवटचं एक, जे दुकानदार बहुतेक सांगत नाही. आजोबांची फिल्म बहुतेक १६ किंवा १८ फ्रेमच्या वेगाने शूट झालेली असणार. ती २५ फ्रेमने चालवून दिली तर सगळे लोक तुरुतुरु पळताना दिसतात आणि लग्नातली पंगत चुटकीसरशी उठते. स्कॅन करणाऱ्याला सांग की मूळ वेग ओळखून फाइल त्या वेगाने दे, आणि सोबत सगळ्या फ्रेम जशाच्या तशा असलेली वेगळी फाइलही दे, म्हणजे वेग चुकला असला तरी रीळ परत न उघडता तो बदलता येतो.